मोरीच्या अलीकडे आणि पलीकडे

दिवाळीआधीची आवराआवर सुरू झाली की मोबाइलवर एक कृती हमखास फिरू लागते. खायचा सोडा घ्या, त्यावर व्हिनेगर ओता, वर लिंबू पिळा. फसफसून फेस आला की ओटा, शेगडी, टाइल्स, सिंक आणि मोरीची जाळी या एकाच मिश्रणानं लख्ख करा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की रसायनं टाळा, निसर्गाकडे चला. फेस डोळ्यांना दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पण सोडा आम्लारी आणि व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की ते एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड फेसाच्या रूपानं उडून जातो आणि वाटीत उरतं सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी. त्यात चिकट तेल सोडवण्याइतका खार राहिलेला नसतो आणि नळावरचे क्षार विरघळवण्याइतकं आम्लही नसतं. दोन कामाचे पदार्थ वाया जातात, आणि घासणाऱ्या बाईला वाटतं की आपलाच हात कमी पडला.

घरगुती पदार्थांनी स्वयंपाकघर उत्तम स्वच्छ होतं, याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका आहे ती ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर सगळी निवड सोपवण्याच्या सवयीबद्दल. राख, चिंच, ताक, रिठा, काथ्या ही सामग्री पिढ्यानपिढ्या चालली, कारण वापरणाऱ्यांना प्रत्येक पदार्थाची जागा ठाऊक होती. डाग कशाचा, भांडं कशाचं, पाणी कोणतं आणि धुवण जातं कुठे, या चार गोष्टींची उत्तरं त्या व्यवहारात आधीच मुरलेली होती. आजच्या कृतींनी पदार्थ तेवढे उचलले आणि ही चार उत्तरं मागेच ठेवली. माझा आग्रह त्या उत्तरांसाठी आहे. ती मिळाली, तर त्यांतून कधी राख निघेल आणि कधी दुकानातली वडी. दोन्हींचं स्वागत करायला हरकत नाही.

हे पडताळून पाहायला जुन्नर तालुक्यातल्या येडगावचा परिसर फार सोयीचा आहे. कुकडी प्रकल्पातली पाच धरणं म्हणजे माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर बांधलेलं डिंभे. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावच्या जलाशयात येतं, आणि इथून निघालेला कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. जलाशयाच्या काठावर ओझरचा विघ्नहर आहे. हाकेच्या अंतरावर नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, भोवती ऊस आणि द्राक्षं, पश्चिमेला सह्याद्रीच्या रानात हिरडा आणि शिकेकाई. आम्ल, खार आणि फेस, तिन्ही इथल्या मातीत उगवतात. आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडलेलं पाणीही याच मातीत मुरतं किंवा याच नदीच्या खोऱ्यात उतरतं. शहरात सिंकचं भोक ही गोष्टीची अखेर वाटते. गावात मोरीच्या पलीकडे अळू असतो, केळ असते, शेजाऱ्याची विहीर असते.

आधी डागाकडे पाहू. स्वयंपाकघरातल्या घाणीचे ढोबळ चार प्रकार पडतात. तेल-तुपाचा ओशटपणा, करपून चिकटलेला पिठूळ किंवा दुधाचा थर, धातूवर चढलेली काजळी-काळपटी, आणि पाण्यानं मागे ठेवलेले पांढरे क्षार. ओशटपणावर खार चालतो, कारण खार तेलाच्या काही भागाचा साबणच बनवून टाकतो. लाकडाच्या राखेत पाण्यात विरघळणारा पोटॅशियम कार्बोनेट असतो, तो हे काम करतो. उरलेला मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या जातीचा मऊ कण, तो घासणीचं काम करतो. एकाच चिमटीत साबण आणि घासणी दोन्ही. शेणीच्या राखेत सिलिकेचं प्रमाण जास्त, भाताच्या तुसाच्या राखेत तर फारच जास्त, म्हणून ती अधिक खरखरीत. राख चाळून घेण्याची पद्धत होती ती यासाठीच. वैलावरची बारीक पांढरी राख पितळेसाठी आणि जाडसर राख बुडाच्या काजळीसाठी, ही वाटणी कोणत्याही पुस्तकात न वाचता पाळली जात होती. दगडी कोळशाच्या राखेत मात्र हा गुण नाही. तिच्यात पोटॅश नावापुरतं आणि जड धातूंचे अंश असू शकतात, तेव्हा राख म्हणजे राख असं समजून ती जेवणाच्या भांड्यांना लावू नये.

धातूच्या काळपटीवर आम्ल चालतं. तांब्याच्या घागरीवरचा तपकिरी-काळा थर हा तांब्याचाच हवेशी झालेला संयोग. तो आम्लात विरघळतो आणि मिठातल्या क्लोराइडमुळे ते काम झटपट होतं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. तेच आम्ल द्राक्षात असतं. नारायणगावच्या द्राक्षांतून १९८० च्या दशकात फेसाळ वाइन बनवण्याचा उद्योग उभा राहिला. वाइनच्या टाक्यांच्या आतून या आम्लाचे पोटॅशयुक्त खडे साचतात, आणि युरोपातल्या स्वयंपाकघरांत त्याच खड्यांची भुकटी तांब्याची भांडी उजळायला वापरत आले आहेत. इथे चिंच, तिथे द्राक्ष. भाव कोसळल्यावर रस्त्याकडेला ओतलेल्या टोमॅटोतही सायट्रिक आम्ल असतं, आणि पिचलेला टोमॅटो मिठाबरोबर चोळला तर समई उजळते. इथे एक बारकावा आहे, आणि तोच मला जुन्या घरांतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. चिंच घासण्यासाठी म्हणून कोणी आणत नसे. आमटीसाठी कोळ काढून झाल्यावर जो चोथा उरे, तो तांब्या-पितळेच्या वाट्याला येई. सरबताचं लिंबू पिळून झाल्यावरची साल, फार आंबट झालेलं ताक, आमसुलाची भिजून सत्त्व गेलेली सालं, सगळं उरलंसुरलं. एप्रिल २०२२ मध्ये लिंबाचा भाव किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला होता. अशा वेळी सिंकवर अख्खी लिंबं पिळायला सांगणारी कृती निसर्गाची नसून चैनीची आहे.

आता घागर घासण्याचा क्रम जवळून पाहा. आधी चिंचेचा चोथा आणि मीठ. हिरवट-काळं पाणी ओघळू लागतं, खालून गुलाबी तांबं दिसतं. घागर विसळायची. मग राखेचा किंवा बारीक मातीचा कोरडा हात. पुन्हा विसळून लगेच फडक्यानं कोरडी. यातला दुसरा हात केवळ चकाकीसाठी नाही. धातूच्या खाचांत आम्लाचा अंश राहिला तर घागर दोन दिवसांत पुन्हा डागाळते. राखेतला खार तो उरलेला अंश मारून टाकतो. म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्ही वापरायचे, पण एकामागोमाग एक, प्रत्येकाचं काम पुरं झाल्यावर. सोडा आणि व्हिनेगर एका वाटीत कालवणारी कृती आणि ही कृती यांतले पदार्थ जवळजवळ सारखेच आहेत. फरक क्रमाचा आहे, आणि तो क्रम हेच ज्ञान आहे. १९८९ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या ‘पितांबरी’नं तांब्या-पितळेची पूड घरोघरी पोचवली आणि चोथ्याचं काम डब्यात आलं. सोय झाली, यात वाईट काही नाही. पण ती पूड कोणत्या भांड्यावर चालवायची हे डब्यावर वाचावं लागतं, चोथ्याच्या बाबतीत ते हातांना ठाऊक होतं.

भांड्याकडे वळलं की ‘नैसर्गिक’ या शब्दाची मर्यादा आणखी स्पष्ट होते. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असे, म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हई उडाली की ताक कळकतं, म्हणून आंबट पदार्थ त्यात ठेवायचे नाहीत आणि आतून राखेनं खसाखसा घासायचंही नाही, हे शिकवलं जाई. पितळ मागे पडून ॲल्युमिनियम आलं तेव्हा सगळे नियम उलटे झाले. ॲल्युमिनियमला खार सोसत नाही. राख किंवा धुण्याचा सोडा लागला की त्याचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन काळा पडतो. त्यावर मराठी घरांनी तोडगाही शोधला: कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकायचं, म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. स्टीलला क्रोमियमचं अदृश्य कवच असतं, त्याला राख आणि चिंच दोन्ही सोसतात. न सोसणारी गोष्ट म्हणजे मिठाचं पाणी किंवा ब्लीच रात्रभर तसंच ठेवणं, त्यानं बारीक छिद्रं पडतात. लोखंडी तव्याला तर फार घासणंच नको, वर्षानुवर्षं भाजून बसलेला तेलाचा काळा थर हीच त्याची कमाई. नॉनस्टिकवर राख कितीही नैसर्गिक असली तरी ती ओरखडेच पाडणार.

आणि ओटा. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ओटा कडप्प्याचा आणि खाली शहाबादी फरशी. दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. घासून गुळगुळीत केलेल्या काळ्याभोर कडप्प्यावर लिंबाची अर्धी फोड उपडी ठेवून विसरलात तर काही मिनिटांत तिच्या आकाराचं फिकट, खरबरीत वर्तुळ उमटतं. ते डाग नव्हे. तिथला दगडच आम्लानं खाल्लेला असतो, त्यामुळे कितीही पुसलं तरी जात नाही. व्हिनेगरचं तेच, चिंचेचं तेच, फळांच्या साली आंबवून केलेल्या द्रावणाचंही तेच. ग्रॅनाइटच्या ओट्यावर हे सगळं चालून जातं. एकच कृती एका घरात वरदान आणि शेजारच्या घरात कायमचं नुकसान, आणि कृती सांगणाऱ्याला ओटा कोणत्या दगडाचा आहे हे विचारावंसंही वाटत नाही.

निसर्ग म्हणजे मऊ आणि मवाळ, ही समजूत मोडायला याच नदीचं पात्र पुरेसं आहे. येडगावच्या खाली कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलेला आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्याचा आणि तिथल्या अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते, तिच्या वयाबद्दल मात्र शास्त्रज्ञांत मोठे मतभेद आहेत. चुलीतली राख आणि ही राख, नाव एक आणि रंगरूपही जवळचं. पण चुलीतली राख खडूसारखी, तर ज्वालामुखीची राख म्हणजे अक्षरशः काचेचे टोकदार सूक्ष्म तुकडे. पहिली पितळ उजळवते, दुसरी त्यावर जाळं ओढेल. रानातल्या हिरड्याचंही तसंच. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी समाजाच्या रोख उत्पन्नाचा तो आधार, औषधी म्हणून त्याचा लौकिक; पण हिरड्याचं पाणी लोखंडाला लागलं की त्यातलं टॅनिन आणि लोह मिळून काळी शाई तयार होते. सुरी, तवा, ओल्या फरशीवरचा गंजाचा ठिपका, सगळं काळं होईल. रानातलं आहे एवढ्यानं काही साफ होत नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. धरणात साठलेलं पावसाचं पाणी तुलनेनं हलकं असतं, तर काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत आलेलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. गावातल्या बायका ते दोन खुणांनी ओळखतात: डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे दोन घरांचं पाणी पिण्यायोग्य असूनही धुण्याच्या दृष्टीनं त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा गाळ बनतो आणि तोच भांड्याला बसतो. इथे राखेचा आणखी एक गुण कामी येतो. तिच्यातला कार्बोनेट आधी पाण्यातला कॅल्शियम खाली बसवतो, पाणी हलकं करतो, मग तेलाशी भिडतो. रिठ्याचा फेस साबणासारखा कठीण पाण्याला बळी पडत नाही, म्हणून बोअरच्या गावात रिठ्याचं पाणी हलक्या ओशट भांड्यांना बरं. नळाच्या तोंडाशी आणि स्टीलच्या हंड्यावर साचणारा पांढरा थर मात्र खारानं हलत नाही. त्याला आम्लच हवं, आणि इथे व्हिनेगर किंवा लिंबाची पिळलेली साल खरोखर गुणकारी आहे, सोडा न मिसळता. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावं. खाली कडप्पा असेल तर आधी ताट ठेवावं.

चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे धुवण जातं कुठे याकडे, घरगुती आणि बाजारी अशा दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष आहे, आणि कालव्याच्या मुलखात तो सर्वांत जड प्रश्न आहे. खायचा सोडा असो वा धुण्याचा, दोन्ही सोडियमचे क्षार. धुण्याच्या सोड्याच्या वजनाचा सुमारे ४३ टक्के भाग सोडियमचा, खायच्या सोड्यात सुमारे २७ टक्के. समजा एखाद्या घरात रोज ५० ग्रॅम धुण्याचा सोडा वापरला, तर वर्षाला १८ किलो सोडा आणि त्यातून जवळपास ८ किलो सोडियम मोरीतून बाहेर पडेल. ते समुद्रात जात नाही. मागच्या दारच्या अळवाच्या वाफ्यात मुरतं. सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगड होते, पाणी मुरेनासं होतं. शेतकरी तिला चोपण म्हणतात. उसाच्या बारमाही पाण्यामुळे जमिनी खारवट-चोपण होणं हा कालव्याच्या पट्ट्यातला ओळखीचा रोग आहे आणि त्यावर जिप्सम टाकावं लागतं, हे ज्या घराला माहीत आहे त्याच घरात सोडा ‘निरुपद्रवी’ म्हणून मुठीनं ओतला जातो. भांडी घासण्याचं सोड्याचं काम राखेतला पोटॅशियमचा क्षारही करतो, आणि पोटॅशियम पिकाला लागतंही. अर्थात राखेलाही सीमा आहे. आपल्या काळ्या जमिनी मुळात आम्लारी. त्यात राखेचं पाणी एकाच जागी फार मुरलं तर झाडाला लोह मिळेनासं होतं आणि शेंडे पिवळे पडतात. म्हणून धुवणाची जागा बदलत ठेवावी.

बाजारातल्या डिटर्जंटबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत आलेल्या पहिल्या कृत्रिम डिटर्जंटांचे रेणू फांद्या फुटलेले होते, जिवाणूंना ते पचत नव्हते आणि नद्यांवर फेसाचे ढीग साचले. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये त्यावर कायदा केला, पुढे सरळ साखळीचे रेणू आले, आणि ते जिवाणूंना पचतात. आजच्या भांडी घासण्याच्या वडीत सामान्यतः तेच असतात. तेव्हा वडीला विष म्हणणं खरं नाही. उलट रिठ्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असतं; रिठा आणि हिंगणबेट यांची फळं पाण्यात टाकून मासे पकडण्याची रीत भारतात अनेक भागांत होती. घरातल्या मूठभर रिठ्याचं पाणी मातीत मुरलं तर काही बिघडत नाही, सॅपोनिन लवकर कुजून जातं. पण जलाशयाच्या काठावर बसून रिठ्याच्या पाण्यानं ढीगभर भांडी धुणं, हे साबणानं धुण्याइतकंच टाळण्याजोगं आहे.

मोरीच्या पलीकडचं सर्वांत मोठं ओझं खरं तर ना सोड्याचं ना साबणाचं. ते तेलाचं आणि खरकट्याचं आहे. शोषखड्डा बुजतो तो याच्यामुळे. फराळाची कढई उतरवल्यावर तिच्यात पाणी आणि साबण ओतणं म्हणजे वाटीभर तेल खड्ड्यात ढकलणं. जुनी रीत अशी की तुपाची बरणी रिकामी झाली की आत कणीक फिरवायची आणि त्या कणकेचा दशमीत उपयोग करायचा. कढईत भुसा, कोंडा किंवा राख फिरवून तेल आधी कोरडं टिपायचं, मग पाणी. ही कोरडी पुसणी मला सगळ्या नैसर्गिक उपायांत पहिल्या क्रमांकाची वाटते. तिला ना लिंबू लागतं ना सोडा. जुनं वर्तमानपत्रसुद्धा चालतं. पुढच्या धुण्याला साबण कमी लागतो हे कुणालाही आपल्या मोरीत पडताळता येईल.

आक्षेप अनेक आहेत, त्यांतला पहिला रोगजंतूंचा. राखेनं आणि चिंचेनं भांडं चकाकेल, पण निर्जंतुक होईल का? प्रश्न योग्य आहे. हात धुण्यासाठी राख कितपत उपयोगी यावर २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. व्हिनेगर आणि खायचा सोडा यांनाही जंतुनाशक मानता येत नाही. कच्चं चिकन, मासे किंवा अंडी ज्या पाटावर कापली, त्याला साबण आणि कडकडीत पाणीच हवं. पण दुसरी बाजूही पाहावी. चकचकीत वडीबरोबर जो स्पंज आला, त्याच्यावर जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये घन सेंटिमीटरला अब्जावधी जिवाणू मोजले. स्पंज सतत ओला राहतो, हे त्याचं कारण. नारळाची शेंडी किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी लवकर वाळते आणि खराब झाली की खतात जाते. पूर्वी भांडी उपडी करून उन्हात मांडली जात, त्या उन्हाला आणि कोरडेपणाला कोणत्याही बाटलीनं अजून हरवलेलं नाही. जंतूंच्या प्रश्नावर पदार्थापेक्षा वाळवणं मोठं आहे.

सुरक्षेचा मुद्दा इथेच सांगायला हवा. गावात पाण्याच्या टाकीसाठी टीसीएल पावडर येते, तीच अनेक घरांत मोरी धुवायला वापरतात. ती ब्लीचिंग पावडर आहे. तिच्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी किंवा संडास धुण्याचं ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो श्वास घुसमटवतो. ‘नैसर्गिक’ लिंबू आणि ‘सरकारी’ पावडर एकत्र आल्यावर दोघांचीही विशेषणं कामाला येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राख चाळा, चोथा जपा, घासा, वाळवा, हे सगळं करणार कोण? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि मुळात घरकाम करणारे पुरुषच चारांत एकाच्या आसपास होते. ज्या बाईला पाच तासांचं काम आधीच आहे, तिला परंपरेच्या नावानं सहावा तास मागण्याचा अधिकार कोणत्याही पर्यावरणप्रेमीला नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचले, चुलीचा धूर कमी झाला. त्याबरोबर राखही कमी झाली. राखेसाठी कुणी पुन्हा धुरात बसावं असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. बंब अजून पेटतो त्या घरात राख आहे, ती वापरावी. जिथे नाही तिथे राख विकत आणण्यात अर्थ नाही, वडीचा पातळ हात पुरेसा आहे.

पण श्रमाचा आक्षेप नीट तपासला तर तो चार प्रश्नांच्या बाजूनंच झुकतो. बाईचा हात मोडतो तो चुकीच्या जोडीमुळे. करपलेल्या दुधाच्या पातेल्याला तारेच्या घासणीनं वीस मिनिटं ओरबाडण्याऐवजी त्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळी आणली तर थर आपोआप सुटतो. खायचा सोडा तापल्यावर अधिक तीव्र धुण्याचा सोडा बनू लागतो, म्हणून उकळीला महत्त्व. पातेलं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं नको. रोज मुठीनं सोडा ओतण्यात आणि महिन्यातून एकदा चमचाभर वापरण्यात जमिनीच्या दृष्टीनंही फरक आहे. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरचा डिंकासारखा चिकटा म्हणजे उष्णतेनं घट्ट झालेलं तेल. त्यावर लिंबू चोळत बसणं व्यर्थ, सोड्याचं गरम पाणी हवं. ॲल्युमिनियमच्या पात्याला मात्र खारही नको, तिथे साबणाचं गरम पाणीच चांगलं. पिठाचं खरकटं गरम पाण्यात अधिक चिकटतं, गारात आधी भिजवावं. हे कळलं की वेळ वाचतो, आणि ते कळण्यासाठी बाई असण्याची अट नाही. कढई कोरडी पुसून भिजत टाकणं जेवून उठणाऱ्या कुणालाही जमतं.

अलीकडे बचत गटांतून फळांच्या सालींचं आंबवलेलं द्रावण विकायला येतं. तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवणं, सुरुवातीला रोज झाकण सैल करून वायू सोडणं, असं त्याचं प्रमाण सांगतात. ‘बायोएंझाइम’ हे नाव भारी असलं तरी काम मुख्यतः त्यातलं आम्ल करतं, म्हणजे ते फळांचं व्हिनेगरच. नळ, टाइल्स, स्टीलच्या सिंकवरचे क्षार यांना ते चांगलं. नारायणगावच्या बाजारात वाया जाणारी फळं आणि इथला गूळ पाहता हा धंदा या भागात उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एकच गोष्ट हवी. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापण्याच्या जागी ‘कडप्पा, शहाबादी आणि संगमरवरावर वापरू नये, टीसीएल पावडरमध्ये मिसळू नये, तेलकट भांड्यांना उपयोग नाही’ असं मोठ्या अक्षरांत छापावं, आणि विकणाऱ्या बाईनं घेणाऱ्याला आधी विचारावं की तुमचा ओटा कशाचा आहे.